ज्युनिपरला वळण लावायचे, पण केव्हा?

मुलांना वेळेवर वळण लागले पाहिजे, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणतात. त्यातला 'वळण' हा शब्द आपण लक्षात ठेवतो आणि 'वेळेवर' हा शब्द विसरतो. कुंडीतल्या झाडांच्या बाबतीत तर हे अगदी अक्षरशः खरे आहे. ज्युनिपरच्या फांदीला तार गुंडाळून हवे तसे वळण देता येते. पण ती तार कोणत्या महिन्यात गुंडाळली, यावरच ते झाड पुढच्या वर्षी आपल्या गच्चीत असेल की नाही हे ठरते.

बोन्सायचा छंद आता काही नवा राहिलेला नाही. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडेही गच्चीत आणि सज्जात वड, पिंपळ, उंबर यांची बुटकी झाडे दिसतात. वड-पिंपळ आपल्या मातीतले. थोडे इकडेतिकडे झाले तरी सांभाळून घेतात, छाटले तरी महिन्याभरात नवी पालवी फेकतात. ज्युनिपरचे तसे नाही. तो थंड मुलखातला पाहुणा आहे. आपल्याकडे तो राहतो, नांदतो, पण त्याच्या वेळा आपल्याला सांभाळाव्या लागतात. शिवाय जरा वय झालेला, बुंधा भरलेला ज्युनिपर काही चार-दोन रुपयांत मिळत नाही. घरखर्चातून बाजूला काढलेल्या पैशांतून घेतलेले झाड सहा महिन्यांत वाळले की मनाला फार लागते. म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी ओळख पटवून घेऊ

पुष्कळजणी मोरपंखीलाच ज्युनिपर समजतात. लहानपणी 'विद्या' म्हणून जिची डहाळी आपण पुस्तकात ठेवायचो, ती मोरपंखी, म्हणजे थुजा. तिचा पाला चपटा, पंख्यासारखा एका पातळीत पसरलेला असतो. ज्युनिपरचा पाला दोन तऱ्हेचा. कोवळेपणी तो बोचरा, सुईसारखा असतो आणि झाड वयात आले की बारीक खवल्यांचा, दोरीसारखा गोल होतो. काही जातींचा पाला मात्र कायम सुईसारखाच राहतो. आपल्या नर्सऱ्यांतून मिळतो तो बहुधा चिनी ज्युनिपर, नाहीतर जमिनीलगत पसरणारा आडवा ज्युनिपर.

हे झाड आपल्या देशाला परके नाही बरं का. हिमालयात ज्युनिपरच्या जाती रानात वाढतात. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याचा पाला धूप म्हणून जाळतात. आयुर्वेदातली हपुषा म्हणजे याच कुळीतल्या एका झाडाची फळे. परके आहे ते आपले उष्ण हवामान.

बोन्सायवाल्यांना ज्युनिपर इतका आवडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे त्याच्या फांद्या लवचिक असतात, तारेने छान वाकतात. दुसरे म्हणजे त्याचे लाकूड चिवट. एखादी फांदी मेली तरी ती पांढरी, रुपेरी होऊन वर्षानुवर्षे टिकते. डोंगरकड्यावर वाऱ्या-बर्फात तग धरलेल्या जुन्या झाडाचे ते रूप बोन्सायमध्ये मुद्दाम राखतात. अशा वाळक्या फांदीला जपानी लोक 'जिन' म्हणतात आणि खोडावरच्या वाळक्या पट्ट्याला 'शारी'. त्यांचा लाडका 'शिंपाकु' म्हणजे या चिनी ज्युनिपरचाच डोंगरी भाऊ.

हिरवा दिसतो, पण…

ज्युनिपरचा एक स्वभाव मात्र फार फसवा आहे, आणि हंगामाचा सगळा प्रश्न तिथेच येतो. तुळस रुसली की संध्याकाळी मान टाकते, आपल्याला लगेच कळते. ज्युनिपर काही सांगतच नाही. मुळे मेली, फांदी आतून तुटली, तरी त्याचा पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो. आधी नुसता तजेला जातो, रंग थोडा राखाडी होतो, मग पाला बोटाला कुरकुरीत लागतो आणि शेवटी पिवळा पडतो. तोवर उपाय करण्याची वेळ गेलेली असते.

त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात झालेली इजा डोळ्यांना दिसते ती जूनच्या मध्यावर. आणि आपण दोष देतो तो जूनमधल्या एखाद्या गोष्टीला. कुणी म्हणते पाणी जास्त झाले, कुणी म्हणते खत भोवले. दृष्ट लागली म्हणणाऱ्याही असतात! खरे कारण महिनाभर आधीचे असते.

आमच्या पलीकडच्या बिऱ्हाडातल्या वहिनींचे असेच झाले. भावाने भाऊबीजेला दिलेला ज्युनिपर त्यांनी आठ वर्षे जिवापाड जपला होता. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या दोन दिवसांच्या बोन्साय वर्गाला गेल्या, तारा घेऊन आल्या आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात साऱ्या झाडाला तारा गुंडाळून त्यांनी त्याला सुरेख आकार दिला. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. शाळा सुरू झाल्या आणि झाडाचा रंग उतरला. जुलैत ते कुंडीतून काढावे लागले. "मी तर शिकवलं तस्संच केलं हो," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आणि ते खरेच होते. तारेचे वेढे नीट होते, वळणेही नीट होती. चुकला होता तो फक्त महिना, आणि वर्गात महिन्याबद्दल कुणी अवाक्षरही काढले नव्हते.

सालीखाली काय चालते

आता महिन्याने एवढा काय फरक पडतो, ते समजून घेऊ. झाडाची साल आणि आतले लाकूड यांच्यामध्ये एक अगदी पातळ, ओला पदर असतो. नवे लाकूड आणि नवी साल तयार होते ती या पदरातून. झाड जोमात वाढत असते तेव्हा हा पदर रसाने भरलेला आणि नाजूक असतो. त्या दिवसांत फांदी पिरगाळली किंवा जोराने वाकवली तर साल लाकडावरून सरकते. भिजवलेल्या बदामाची साल बोटाने दाबली की कशी सुटते, तसेच काहीसे. वरून काही दिसत नाही, पण आतला पुरवठा तुटतो आणि फांदी हळूहळू वाळते.

वाढ मंदावली की हा पदर शांत होतो. साल लाकडाला घट्ट धरून बसते. अशा वेळी तार गुंडाळणे आणि वाकवणे सोसते.

याची दुसरी बाजूही आहे. वाकवताना आत बारीक चिरा पडतातच, आणि त्या भरून येतात त्या वाढीच्या दिवसांत. फांदी नव्या जागी कायम बसते तीही नवे लाकूड धरल्यावर. म्हणजे तार बांधायची झाड विसावलेले असताना, आणि वळण पक्के होणार ते झाड वाढीला लागल्यावर. तेव्हा सगळ्यांत चांगला काळ कोणता? वाढ ओसरली आहे आणि पुढची वाढ फार लांब नाही, तो.

जपानचे वर्ष आणि आपले वर्ष

बोन्साय मूळ चीनमधले, पण त्याला आजचे रूप दिले जपानने. 'बोन' म्हणजे उथळ कुंडी आणि 'साई' म्हणजे लावलेले. १९२३ साली टोकियो परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या बोन्साय जोपासणाऱ्यांनी शहर सोडून १९२५ मध्ये ओमिया इथे नवी वस्ती केली. त्या गावात राहायचे तर घरी निदान दहा बोन्साय हवीत, फाटक सर्वांना उघडे हवे, घर दुमजली नको आणि कुंपण हवे ते झुडपांचेच, असे नियमच होते म्हणे! आज तिथे सरकारी बोन्साय संग्रहालयही आहे, २०१० साली उघडलेले. तारेने वळण देण्याची पद्धत जपानमध्ये रुळली ती साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी फांद्या दोऱ्यांनी बांधून ओढून घेत.

तिकडे ऋतू चार. हिवाळ्यात पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो आणि झाडे खरोखरच झोपतात. म्हणून ज्युनिपरची मोठी कामे तिथे एक तर शरदात, वाढ ओसरल्यावर काढतात, नाहीतर हिवाळा सरता सरता, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, नवी वाढ सुरू होण्याआधी. ऐन गोठवणाऱ्या थंडीत मोठे वळण देणे टाळतात, कारण ताजी जखम गारठली की फांदी दगावते.

आपल्या हाती येणारी पुस्तके बहुतेक जपानमधली, नाहीतर इंग्लंड-अमेरिकेतली. त्यांत 'मार्च' लिहिलेले वाचून आपण मार्चमध्ये तार हातात घेतली तर काय होईल? इकडे होळी येऊन गेलेली असते, उन्हे तापू लागलेली असतात आणि झाडाने नवी वाढ कधीच सुरू केलेली असते. त्यांचा मार्च आणि आपला मार्च यांत नाव सोडले तर काही सारखे नाही. पुस्तकातले कारण घ्यावे, तारीख घेऊ नये.

आपल्याकडे बर्फ नाही, गाढ झोपही नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, मुंबईत साधारण १६-१७ अंशांपर्यंत. एवढ्याने ज्युनिपर झोपत नाही, पण डुलकी जरूर घेतो. पाऊस संपला, ऑक्टोबरची काहिली ओसरली, पहाटे गारवा जाणवू लागला की टोकांची वाढ मंदावते. पोपटी शेंडे गडद होतात. हीच खूण.

तेव्हा महाराष्ट्रातल्या आपल्या गावांसाठी हिशेब असा: दिवाळी उलटल्यापासून, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून, संक्रांतीपर्यंत तार बांधण्याचा उत्तम काळ. मोठी, जाड फांद्यांची वळणे या काळातच उरकावी. हलकीसलकी तार, बारीक फांद्यांची, रथसप्तमीपर्यंत चालेल. त्यानंतर तारेचे डबे मिटून ठेवावे. संक्रांतीपर्यंत काम झाले की फेब्रुवारी-मार्चच्या वाढीत जखमा भरून निघतात आणि एप्रिल-मेच्या तापाला झाड सावरून उभे राहते. नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. तिकडच्या मैत्रिणींनी तर डिसेंबर संपण्याआधीच मोकळे व्हावे. मुंबई आणि कोकणात थंडी उशिरा येते आणि थोडीच असते. तिथे डिसेंबरची वाट पाहावी आणि वळणेही बेताचीच द्यावीत.

हात मोकळे केव्हा, झाड मोकळे केव्हा

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याला वेळ केव्हा असतो? मे महिन्यात! शाळांना सुट्टी, डबे नाहीत, मुले मामाकडे. छंदवर्गही त्याच दिवसांत निघतात. मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका आहे, त्यामुळे सुट्टीची किंमत मला कुणी सांगायला नको. पण आपली सुट्टी ती झाडाची सुट्टी नव्हे. मेमध्ये उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने झाड आधीच मेटाकुटीला आलेले असते. त्यात तारेचा ताण. आणि पावसाळ्यात वाढ एवढी झपाट्याने होते की तार दोन-तीन आठवड्यांत सालीत रुतते. शिवाय सततच्या ओलीत जखमेला बुरशी लागते ती निराळीच.

दिवाळीनंतर मात्र आपले आणि झाडाचे जमते. फराळाची धांदल संपलेली असते, शाळेच्या सुट्टीचे चार दिवस हाताशी असतात. आणि एक सांगू? सगळे झाड एकाच बैठकीत बांधून काढायलाच पाहिजे असे कुठे आहे? दुपारी जेवणे झाल्यावर, चहापूर्वीच्या तासाभरात एक-दोन फांद्या. स्वेटरच्या ओळी जशा जमतील तशा विणतो, तसेच. नोव्हेंबर ते संक्रांत म्हणजे दोन महिने हाती आहेत. एका लहान झाडाला ते भरपूर झाले.

मग मेच्या सुट्टीत काय करायचे? झाड नुसते न्याहाळायचे. त्याची दर्शनी बाजू कोणती, कोणती फांदी ठेवायची, कोणती खाली घ्यायची, याचे कागदावर चित्र काढून ठेवावे. तेही कामच आहे, आणि मोठे काम आहे.

तार हाती घेण्यापूर्वी

पहिली गोष्ट, झाड निरोगी हवे. नुकतेच नर्सरीतून आणलेले, नुकतीच माती बदललेले किंवा मलूल दिसणारे झाड यंदा तसेच ठेवा. वर्षाला एकच मोठे काम, हा नियम. यंदा तार, तर कुंडी-माती पुढच्या वर्षी. माती बदलायची ती फेब्रुवारीत किंवा पहिले पाऊस पडून हवा निवल्यावर.

दुसरी गोष्ट, कीड पाहा. फांदीखाली पांढरा कागद धरून पाला टिचकीने झटका. कागदावर तांबूस ठिपके पडले आणि ते चालू लागले तर तो लाल कोळी. आधी पाल्याला खालून-वरून पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेलाची फवारणी आठ-आठ दिवसांनी दोन-तीनदा. कीड गेल्यावरच तार.

तिसरी गोष्ट, छाटणी बेताची. वाळके, आतले पिवळे, फांद्यांच्या बेचक्यांतले विरळ कोंब काढावे. मात्र एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नये. ज्युनिपरचा जोर त्याच्या पाल्यात असतो. आणि ज्या फांदीवर हिरवे काहीच उरले नाही ती बहुधा पुन्हा फुटत नाही. वडाची सवय इथे उपयोगाची नाही.

कामाच्या आदल्या दिवशी पाणी थोडे कमी द्यावे. फांद्या जरा सैल पडतात आणि नीट वाकतात.

तार कोणती, किती

ज्युनिपरसारख्या झाडांना जपानी कारागीर तांब्याची तार वापरतात. ती बारीक असून पकड घट्ट धरते. मात्र एकदा वाकली की ती कडक होते, मागेपुढे करता येत नाही. नवशिकीने अॅल्युमिनियमच्या तारेवर हात बसवावा. ती मऊ, हलकी, पण थोडी जाड घ्यावी लागते. घरच्या वायरिंगमधली जाड, एकेरी तांब्याची तार चालते. वरचे प्लॅस्टिक सोलून काढा, जाळू नका, धूर वाईट असतो. उघडी तार सांडशीत धरून मंद लाल होईपर्यंत तापवून गार केली की मऊ पडते. बांधकामावरची लोखंडी तार मात्र नको, ती गंजते.

जाडीचा अंदाज असा: तार फांदीच्या एक तृतीयांश जाड. पेन्सिलीएवढ्या फांदीला दोन-अडीच मिलिमीटरची. लांबी फांदीच्या दीडपट धरावी. सुरुवात खालच्या, जाड फांद्यांपासून करून वर, बारीक फांद्यांकडे जावे. शक्यतो एकच तार जवळजवळच्या दोन फांद्यांना अशी घ्यावी की मधला भाग खोडाला वेढा घेऊन टेकेल. नुसती लोंबती तार काही धरत नाही.

वेढे ४५ अंशांच्या तिरप्या कलाने, सारख्या अंतरावर, एकमेकांवर न चढवता घ्यावेत. केवढे घट्ट? हातातल्या बांगडीएवढे. अंगाला लागलेली, पण रुतलेली नाही. पाला तारेखाली चेमटू देऊ नये.

वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून फांदी हळूहळू त्यांच्यावर वळवावी. वेढा वळणाच्या बाहेरच्या बाजूवर आला म्हणजे साल फाटत नाही. बारीक 'कट' असा आवाज आला की तिथेच थांबावे, मागे घेऊ नये. जाड फांदी वाकवायची असेल तर जपानी लोक आधी तिच्याभोवती पामच्या पानांचे ओले धागे गुंडाळतात. आपल्याकडे जुन्या सुती साडीची चिंधी भिजवून घट्ट गुंडाळली तरी साध्या वळणाला पुरते. आणि सगळे वाकणे एकाच दिवशी नको. थोडे आज, थोडे पंधरा दिवसांनी.

बांधून झाल्यावर

दोन-तीन आठवडे झाड उजेडाच्या पण सावलीच्या जागी, वाऱ्याच्या आड ठेवावे. घरात दिवाणखान्यात मात्र नको. ज्युनिपर हे बाहेरचेच झाड, घरात ते खंगते. पाल्यावर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा द्यावा. माती वरून सुकली की पाणी, रोज नेमाने नव्हे. नवे पोपटी शेंडे दिसेपर्यंत खत बंद. शेंडे दिसले की सकाळचे ऊन द्यायला सुरुवात करावी.

यानंतर मार्चपासून दर पंधरवड्याला आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तारांवरून नजर फिरवावी. साल तारेच्या दोन्ही बाजूंना फुगू लागली, तार बुडतेय असे वाटले, की ती काढायची वेळ झाली. मग वळण पक्के झालेले असो वा नसो. ज्युनिपर वळण धरायला वेळ घेतो, कधी एक हंगाम, कधी दोन. फांदी परत वर आली तर येत्या हिवाळ्यात पुन्हा तार बांधता येते. सालीत रुतलेल्या तारेचा व्रण मात्र वर्षानुवर्षे जात नाही.

काढताना तार उलगडत बसू नये, नाजूक फांदी मोडते. तार कापायच्या पकडीने प्रत्येक वेढ्यावर तुकडा करून ती उचलावी. तारेचे पैसे वाचवायला जाऊन दहा वर्षांची फांदी गमावण्यात काय शहाणपण?

हा झाडाचा छळ आहे का?

"अगं, त्या मुक्या जिवाला कशाला जखडतेस?" माझ्या सासूबाईंनी एकदा विचारले होते. प्रश्न अगदी रास्त आहे. मला वाटते, त्याचे उत्तर तोंडाने देण्यापेक्षा झाडाने द्यावे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ सालापासून तो कुंडीत जोपासला गेला आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात यामाकी घराण्याच्या बागेत होता आणि वाचला. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला ५३ बोन्साय भेट दिली, त्यात मासारु यामाकींनी हे झाड दिले. चारशे वर्षे, पिढ्यान् पिढ्या, कुणी ना कुणी त्याला रोज पाणी घातले आहे. हा छळ म्हणायचा की सांभाळ?

छळ होतो तो झाडाची वेळ न पाहता आपल्या सोयीने तार आवळली म्हणजे. सासूबाईंना हे पटले की नाही, ठाऊक नाही. पण झाडावर फवारा मारायचा राहिला तर हल्ली त्याच आठवण करून देतात!

वर्षाचे वेळापत्रक

नोव्हेंबर (दिवाळीनंतर) ते डिसेंबर: छाटणी, मुख्य तारा, मोठी वळणे.
जानेवारी: संक्रांतीपर्यंत उरलेली कामे. रथसप्तमीपर्यंत बारीक फांद्यांच्या तारा, नंतर हात आवरता.
फेब्रुवारी-मार्च: नवे शेंडे दिसल्यावर हलके खत. तारा तपासणे सुरू. ज्या झाडाला यंदा तार नाही, त्याची माती फेब्रुवारीत बदलावी.
एप्रिल-मे: दुपारच्या उन्हापासून आडोसा, लाल कोळ्यावर लक्ष. तार, छाटणी काही नाही. पुढच्या आकाराचे चित्र काढून ठेवणे.
जून ते सप्टेंबर: दर आठवड्याला तारा पाहणे, रुतणारी तार कापून काढणे. कुंडीत पाणी साचू न देणे.
ऑक्टोबर: विश्रांती. तार, पकड, कात्री यांची जमवाजमव.

दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख आपण भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितोच. दिवाळीनंतरच्या आठवड्यावर 'ज्युनिपर' एवढा एक शब्दही आजच लिहून ठेवा. आणि त्याआधी कुणी कितीही आग्रह केला, तरी तारेचा डबा उघडू नका.